सात नंबरचे दोनशे शब्द

तुम्ही काय करता, असं कुणी विचारलं की मी सांगते, "पुस्तकात बोलते." लोकांना वाटतं, बाई व्याख्यानंबिख्यानं देत असतील. तसं नाही. टॅबलेटवर लहान मुलांचं चित्रांचं पुस्तक उघडतं, मूल झाऱ्याच्या चित्रावर बोट ठेवतं आणि आतून एक बाई म्हणते, "झारा. आई झाऱ्याने पुरी काढते." ती बाई म्हणजे मी.

नाशिकच्या एका शाळेत मी एकतीस वर्षं बालवर्ग घेतला. निवृत्तीनंतर मटार सोलत टीव्ही बघायचा, एवढंच ठरवलं होतं. पण एका लहानशा संस्थेला मुलांसाठी डिजिटल पुस्तकं करायची होती. त्यासाठी शब्द निवडणारी, वाक्यं लिहिणारी आणि ती बोलणारी अशी तीन माणसं हवी होती, आणि त्यांनी ती तिन्ही माझ्यातच शोधली. ऑफिस अंबडला, दोन कारखान्यांच्या मधे. शेजारच्या शेडमध्ये पत्रा कापायचा प्रेस. मी "ससा" म्हणायला आणि तिकडे धाडकन व्हायला एकच गाठ. भिंतींना गोधड्या टांगल्या, दाराला गादी लावली, तरी सशामागे प्रेस यायचाच. शेवटी कामगारांच्या जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्डिंग करायचं ठरलं. तिकडे त्यांचे डबे उघडायचे आणि इकडे माझं तोंड. पहिल्या पुस्तकातले सगळे प्राणी मी अशा अर्ध्या अर्ध्या तासांत बोलले आहे.

ह्या अंकासाठी लिहायला सांगताना संपादक म्हणाले होते, "गमतीदार अनुभव येऊ द्या." गमती आहेत, त्याही सांगते. पण मी लिहायला बसले ती गमतीसाठी नाही. माझ्या हातून एक गोष्ट घडली आहे. तिचा धक्का मला अजून पचलेला नाही. भाजी निवडताना, बसमध्ये बसल्यावर मधेच ते आठवतं. शिवाय त्यातला एक भाग मी आजवर कुणालाच सांगितलेला नाही.

आधी काम समजावून सांगते, म्हणजे पुढचं कळेल. लहान मुलाला नवा शब्द एकदा सांगून येत नाही. तो त्याच्या कानावर निरनिराळ्या वाटांनी यावा लागतो. म्हणून आमच्या पुस्तकात प्रत्येक शब्द तीनदा येतो. चित्राला बोट लागलं की नुसता शब्द, पुन्हा लागलं की वाक्यात, आणि शेवटी प्रश्नात. प्रश्नाच्या पानावर चार चित्रं असतात. मी विचारते, "चाळण कुठे आहे?" मुलाने चाळणीवर बोट ठेवलं की घुंगरू वाजतं. दुसरीकडे ठेवलं की मी म्हणते, "पुन्हा बघ हं." 'चूक' हा शब्द मी एकाही पुस्तकात उच्चारलेला नाही, ह्याचा मला फार अभिमान होता. मुलाने कुठे बोट ठेवलं, किती वेळ थांबून ठेवलं, पहिल्याच खेपेला बरोबर आलं का, हे सगळं टॅबलेट टिपून ठेवतो आणि दर शुक्रवारी त्याचा तक्ता अंबडला येतो.

हे यंत्राचं अंग सांभाळतो प्रणव. वय सव्वीस, इंजिनियर, मला 'मॅडम' म्हणतो. माझ्या चहात साखर किती हे माझ्या मुलापेक्षा त्याला जास्त ठाऊक आहे. सुरुवातीला शहरातल्या मुलांवर पुस्तक करून बघितलं, तेव्हा प्रश्नाच्या पानावर अडलं की मुलं कंटाळायची आणि टॅबलेट सोडून पळायची. मी प्रणवला म्हटलं, "अरे, वर्गात मूल अडलं की मी डोळ्याने खूण करायचे. तसं काहीतरी कर. तीन सेकंद वाट बघ, मग बरोबर चित्र जरासं हलू दे."

"किती हलू दे, मॅडम?"

"जेमतेम. पापणी लवावी इतकं."

त्याने दुपारपर्यंत करून दिलं. मुलं टिकून बसायला लागली. मी स्वतःवरच खूश झाले. एकतीस वर्षांचा अनुभव यंत्रात उतरवला, असं मी घरी सांगितलंसुद्धा.

आता गमती. सुरगाण्याला एका पाड्यावर आम्ही स्वयंपाकघराचं पुस्तक नेलं. चार चित्रं होती: भाकरी, तवा, तांब्या आणि सूप. मी पुस्तकातून विचारतेय, "भाकरी कुठे आहे?" आणि एकजात सगळी पोरं तव्यावर बोट ठेवतायत. मी वहीत लिहिलं, 'भाकरी हा शब्द येत नाही.' लिहिताना मला त्या मुलांची दयाही आली. तिथे मदतनीस म्हणून काम करणारी एक म्हातारी बाई मागे उभी राहून बघत होती. तिला हसू आवरेना.

"बाई, भाकर काळी असती," ती म्हणाली. "नागलीची. तुमची ही पांढरी चकती काय हाय ते पोरांना काय म्हायती?"

आमच्या चित्रात शुभ्र, पदर सुटलेली ज्वारीची भाकरी होती. पोरांनी काळं आणि गोल जे दिसलं त्यावर बोट ठेवलं, म्हणजे चित्र काढणाऱ्यापेक्षा शहाणपणाच केला. तक्ता एक सांगतो आणि मूल दुसरंच सांगत असतं, हा धडा मी त्या दिवशी घेतला आणि पुढे चार ठिकाणी भाषणात खुसखुशीत करून सांगितला. सांगितला, एवढंच.

दुसरी गंमत शहरातली. गंगापूर रोडच्या एका घरी गेले होते. तिथली तीन वर्षांची मुलगी रोज माझा आवाज ऐकून जेवायची. मी समोर बसून "पपई" म्हटल्यावर ती चमकली. जवळ आली, माझ्या गालावर बोट दाबलं आणि वाट बघत उभी राहिली. मी गप्प. तिने आणखी जोराने दाबलं. तिची आई ओशाळून म्हणाली, "सॉरी हं, तिला वाटतंय तुम्ही तिथूनच चालू होता." आम्ही दोघी खूप हसलो. त्या आईला शाळेच्या प्रवेशाआधी मुलीला किती शब्द यायला हवेत ह्याचा पक्का आकडा हवा होता. मी तिला म्हटलं, "अहो, शब्द म्हणजे काय शेंगदाणे आहेत, मोजून द्यायला?" हे मी म्हटलं होतं. तेव्हा मी स्वतः दर शुक्रवारी शेंगदाणे मोजत होते.

आता ईश्वरीचं सांगते.

सायखेड्याच्या अलीकडे मळ्यात एक वस्ती आहे. तिथल्या लहान मुलांचा वर्ग मंदाताई चालवतात. वीस वर्षं हेच काम केलेली बाई. मुलाच्या तोंडाकडे बघून ते सकाळी काय खाऊन आलंय हे सांगतील. आमचे टॅबलेट तिथे दिले, तेव्हा त्यांनी ते नव्या सुनेच्या दागिन्यासारखे कपाटात ठेवले आणि रोज तासभरच बाहेर काढायच्या. तक्त्यात मुलांची नावं नसतात, नंबर असतात. दोन-तीन महिन्यांत त्या वस्तीवरचा सात नंबर आमच्या डोळ्यांत भरला.

सात नंबर चुकतच नव्हता. नवं पुस्तक गेलं, सात नंबर पहिल्याच खेपेला बरोबर. उखळ, मुसळ, पन्हाळ, शिंकाळं, सगळं बरोबर. शिंकाळं हल्लीच्या आयांनाही माहीत नसतं हो! दिवाळीपर्यंत सात नंबरच्या खात्यावर दोनशे शब्द झाले. प्रणवने एका कागदावर मोठा सात काढून भिंतीवरच्या गोधडीला टाचला. तक्त्यात एक रकाना असतो, मूल किती वेळ थांबून बोट ठेवतं त्याचा. सात नंबर दर वेळी जरा थांबायचा. मी प्रणवला म्हटलं, "बघ, धांदल नाही. विचार करून उत्तर देणारं मूल आहे हे."

त्याच सुमारास मंदाताईंचा फोन आला. आवाज जरा दबलेला.

"बाई, आमची ईश्वरी हाय ना, चौथं लागलंय तिला. पोरगी बोलत नाय. एक अक्षर नाय. मी वहीत तसं लिहून ठिवलंय. तिच्या आईला म्हणलं, नाशिकला कानाच्या डॉक्टरला दाखवून येऊ. बुधवारचं ठरवलंय. तुम्ही ओळखीचा कोणी सांगता का?"

मी विचारलं, "ईश्वरी म्हणजे कितवा नंबर?"

"सात."

मी हसले. खोटं कशाला लिहू, चांगली खळखळून हसले. सगळ्या जिल्ह्यात आमची जी सर्वांत हुशार मुलगी, तिला ह्या बाई कानाच्या डॉक्टरकडे न्यायला निघाल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी तक्ता छापून घेतला आणि बस पकडून मळ्यात गेले.

ईश्वरीची आई कविता टोमॅटोच्या वावरातून आली. साडीवर नवऱ्याचा शर्ट, टोमॅटोच्या पाल्याने हात हिरवे-काळे झालेले. हात पुसून तिने कागद धरला, पण उलटा. मी तो सरळ करून दिला आणि एकेक शब्द वाचून दाखवला. तिची सासू ओट्यावरून म्हणाली, "हिचा बाप बी पाच वर्षाचा होस्तोवर बोलला नव्हता. आता गप बस म्हणलं तरी बसत नाय." सगळे हसले. ईश्वरी आईच्या मागे उभी होती. काळेभोर डोळे, आणि ते सारखे आमच्या सगळ्यांच्या तोंडावरून फिरत होते. किती लक्ष देऊन ऐकतेय, असं मला वाटलं.

"घरात तसं सगळं कळतं तिला," कविता म्हणाली. "पाणी आण म्हणून हात केला का आणती. पण हाक मारली का कधी बघती, कधी नाय बघत."

"तंद्री असते हुशार मुलांची," मी म्हटलं. "ही मुलगी आत साठवतेय. ज्या दिवशी बोलेल त्या दिवशी तुम्हाला थांबवता यायची नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला? हा कागद बघा ना."

"मग बुधवारचं राहू द्यू का?"

"राहू द्या. उगाच एवढ्याशा लेकराला दवाखान्याची भीती घालू नका."

कविताच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं, आणि ते मी उतरवलं म्हणून मला फार बरं वाटलं. जाण्याआधी मंदाताईंची वही मागून घेतली. 'ईश्वरी बोलत नाही' ह्या ओळीवर माझ्या पेनाने रेघ मारली आणि वर लिहिलं, 'आकलन उत्तम.' मंदाताई एवढंच म्हणाल्या, "तुम्ही शिकलेल्या बाई. तुम्ही म्हणता म्हंजी असंल."

त्यानंतर वर्ष गेलं. वर्षाहून थोडं जास्तच.

टॅबलेट ज्यांनी दिले होते त्यांच्याकडचे चार पाहुणे काम बघायला येणार होते. कुठे न्यायचं हा प्रश्नच नव्हता. मंदाताईंनी अंगण सारवलं, मुलांना पावडर लावली. ईश्वरीला मधोमध बसवलं. प्रणवने टॅबलेट तिच्या मांडीवर ठेवला. पाहुणे मागे अर्धगोल करून उभे. मी त्यांना पुस्तकाची माहिती सांगत होते आणि तेवढ्यात तिने प्रश्नाचं पान उघडलं. बोट ठेवलं, बरोबर. पुढचं पान, पुन्हा बरोबर. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एक जण म्हणाले, "वा, कमालच आहे!"

मला काहीतरी खटकत होतं, पण काय ते कळेना. स्वयंपाकघरातला पंखा बंद झाला की जसं वाटतं तसं काहीतरी. मग लक्षात आलं. मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता.

पाहुण्यांशी बोलता यावं म्हणून प्रणवने मघाशी टॅबलेटचा आवाज पूर्ण बंद केला होता आणि चालू करायला विसरला होता. पुस्तक मुकं होतं. कुणीही काहीही विचारत नव्हतं. आणि ईश्वरी उत्तरं देत होती, एकामागून एक, सगळी बरोबर.

मी खाली वाकले. पान उघडलं. चार चित्रं. ती बोट वर धरून थांबली. एक, दोन, तीन. पन्हाळीचं चित्र जरासं हललं, पापणी लवावी इतकं. तिने तिथे बोट टेकवलं आणि वर बघून हसली.

पायाखालची जमीन सरकते असं आपण लिहितो. मी तिथेच सारवलेल्या जमिनीवर बसले. पाहुण्यांना वाटलं, बाईंना ऊन लागलं. कुणीतरी पाणी आणलं. मी मंदाताईंना म्हटलं, "थाळी आणा. स्टीलची. आणि डाव." त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, काही न विचारता उठल्या. मी ती थाळी घेऊन ईश्वरीच्या पाठीमागे गेले. जमिनीवर आपटायची नाही, हादरा अंगाला कळतो, एवढं जुन्या बालवर्गवालीला माहीत असतं. हवेत धरून डावाने जोरात वाजवली. सगळी मुलं दचकली, एक रडायला लागलं, पाहुणे मागे सरकले. ईश्वरी पुढचं पान उलटत होती. मी पुन्हा वाजवली. तिने मान वर केली, ती सुद्धा समोरचा मुलगा रडतोय म्हणून.

मंदाताईंनी माझ्या हातातून थाळी काढून घेतली. त्या 'मी म्हणलं होतं' असं म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या आत गेल्या आणि भांड्याचा आवाज होऊ न देता थाळी मांडणीत ठेवून आल्या.

कविताला बोलावणं गेलं. ती धापा टाकत आली. तिला वाटलं पोरीला काही चावलं. मी सांगितलं. काय शब्दांत सांगितलं ते मला आठवत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि इतकंच विचारलं, "तुम्हीच म्हणल्या होत्या ना, येतं तिला सगळं?"

"हो."

"दोनशे म्हणल्या होत्या."

"हो."



अंबडला परतल्यावर प्रणवने सात नंबरचा सगळा तक्ता उघडला. थांबण्याचा रकाना. तीन सेकंद आणि वर थोडं. खाली तीन सेकंद आणि वर थोडं. पानंच्या पानं तेच. एकदाही दोन नाही, एकदाही पाच नाही. आम्ही दोघांनी तो रकाना वर्षभर बघितला होता आणि त्याला शहाणपण म्हटलं होतं. "इथंच होतं, मॅडम," तो म्हणत राहिला, "इथंच तर होतं." मग त्याने गोधडीवरचा कागद काढला आणि ते पोर ढसाढसा रडलं. मी त्याला जवळ घेतलं. ते चित्र हलवायला त्याला मीच सांगितलं होतं.

चित्राचं हलणं त्याच दिवशी बंद केलं. मग सगळ्या वस्त्यांवर जाऊन टोपलीत खऱ्या वस्तू घेऊन बसलो: झारा, चाळण, वाटी, दोरी. मुलाच्या मागे बसायचं, हळू आवाजात वस्तूचं नाव घ्यायचं आणि वाट बघायची. कान ठणठणीत असलेली कितीतरी मुलं नुसती चित्र हलायची वाट बघून मोठी झालेली निघाली. आमचे आकडे असे काही कोसळले की ऑफिसात कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देईना. पण एक गोष्ट दिसली. मंदाताईंसारखी एखादी बाई शेजारी बसून "आपल्याकडं कुठं हाय गं चाळण? काय चाळलं आज आईनी?" असं विचारत होती, तिथली मुलं भराभरा बोलत होती. पुस्तक वाईट नाही. ते माणसाच्या बोलण्याला निमित्त म्हणून चांगलं आहे. मी त्याला माणसाच्या जागी बसवलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय?

आता तो भाग, जो मी कुणाला सांगितलेला नाही.

कानाच्या डॉक्टरांकडे मी कविता आणि ईश्वरीला घेऊन गेले. तपासणीची खोली होती ती भिंतींना मऊ जाड पट्टे लावलेली, बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून. मी रोज अशाच खोलीत बसून बोलते. काचेपलीकडे ती मुलगी कानाला मोठे हेडफोन लावून बसली होती आणि सवयीने टेबलावरच्या दिव्याकडे बघत होती, तो कधी हलतोय ह्याची वाट बघत. डॉक्टरांच्या ते लक्षात आलं. त्यांनी दिवा बाजूला ठेवला आणि मग खरी तपासणी झाली. दोन्ही कानांत फार कमी ऐकू येत होतं. "मोठे, जाड आवाज थोडे कळत असतील. माणसाचं बोलणं नाही," डॉक्टर म्हणाले. "यंत्रांनी मदत होईल. पण उशीर झालाय. तुम्हाला शंका पहिल्यांदा कधी आली?"

"गेल्या वर्षी, दिवाळीच्या आधी," कविता म्हणाली.

"मग तेव्हा का आणलं नाही? ह्या वयातलं वर्ष परत मिळत नाही, बाई. शब्द रुजायचे दिवस असतात हे."

मी पर्स मांडीवर धरून शेजारी बसले होते. कविताने माझ्याकडे बघितलं नाही. समोर बघून म्हणाली, "टमाट्याचा हंगाम होता, साहेब. येणं झालं नाय."

डॉक्टर चिडले, आणि ते बरोबरच होतं. चांगली पाच मिनिटं तिला बोलले. पोरीपेक्षा टोमॅटो महत्त्वाचे का, असंही म्हणाले. ती खाली मान घालून ऐकत राहिली. आणि मी, जिचा आवाज जिल्हाभर पुस्तकांतून वाजतो ती मी, एक शब्द बोलले नाही. तोंड उघडलं असतं तर एक वाक्य पुरलं असतं: मी थांबवलं होतं हिला. ते वाक्य मी आज इथे लिहितेय, आणि हे तिथे म्हटल्यासारखं नाही हेही मला कळतं.

ईश्वरीला दोन्ही कानांना यंत्रं लागली. त्यानंतर दर गुरुवारी मी मळ्यात जाते. पहिले काही आठवडे ती यंत्रं काढून फेकायची. एकदा एक यंत्र टोमॅटोच्या सरीत सापडलं. मग हळूहळू राहू द्यायला लागली. एका गुरुवारी मंदाताईंनी सहज म्हणून टॅबलेट तिच्या हातात दिला. तिने जुन्या सवयीने झाऱ्यावर बोट ठेवलं, आणि आतून आवाज आला. तिने टॅबलेट टाकून दिला. घाबरून माझ्या तोंडाकडे बघितलं. माझं तोंड मिटलेलं होतं. पुन्हा टॅबलेटकडे, पुन्हा माझ्याकडे. वर्षभर ती जे पुस्तक बघत होती त्यात कुणीतरी बोलतं, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मंदाताई डोळ्याला पदर लावून आत गेल्या. मला रडूसुद्धा आलं नाही, इतकी मी हबकले होते.

आता मी टॅबलेट नेत नाही. तिच्यासमोर बसते, वस्तू पाठीमागे लपवते, आधी नाव घेते आणि मग वस्तू दाखवते. दोनशे तर सोडाच, तिच्या तोंडी आज नऊ शब्द आहेत, आणि त्यातले चार फक्त कविताला कळतात. तिच्या वयाची वस्तीतली मुलं भांडणात एकमेकांच्या सात पिढ्यांचं उणंदुणं काढतात. ती किती पुढे येईल, डॉक्टरही सांगत नाहीत.

गेल्या गुरुवारी शिकवून झाल्यावर कविता मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. एवढे महिने मनात होतं ते मी विचारून टाकलं. "कविता, त्या दिवशी डॉक्टरांसमोर तू माझं नाव का नाही घेतलंस? सगळा बोल स्वतःवर घेतलास."

ती चालत राहिली. मला वाटलं, आता म्हणेल, जाऊ द्या हो बाई, चूक कोणाची होत नाय? खरं सांगायचं तर मी त्याच वाक्याची वाट बघत होते.

"तुम्हाला माफबिफ नाय केलं मी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "लय वाटलं होतं तेव्हा, सांगून टाकावं. पण म्हणलं, साहेबासमोर ह्यांची लाज काढली तर ह्या परत पाऊल टाकतील का इकडं? नाय टाकायच्या. मग पोरीला बोलायला शिकवील कोण? मला तर तुमचा कागद सरळ बी धरता येत नव्हता."

एस.टी. आली. मी चढले. तिला काहीतरी सांगायला हवं होतं, की नाही गं, मी आले असते. पण तिने मला बरोबर ओळखलं होतं. मी आले नसते.